एमेट झेलिंका, मोसम १९५१

लायमा, ओहायो
१२ जानेवारी १९७४

एमेटमामा,

मी लोवेल, तुमच्या लुडमिलाचा मुलगा. आजीच्या अंत्यविधीला आपण भेटलो होतो. मी सोळा वर्षांचा होतो आणि तुमच्या कोटावर माझ्या हातून कॉफी सांडली होती. तेव्हा माफी मागायची राहिली, ती आता मागतो. पत्राचं कारण मात्र वेगळं आहे.

मी एका टपाल लीगमध्ये आहे. आठ गावांतले आठ जण बेसबॉल खेळतो, पण कार्डांवर आणि दोन फाशांनी. एका कार्डावर एक खेळाडू आणि त्याचा एकच मोसम. त्या वर्षी तो जसा खेळला तसाच तो फाशांवर खेळतो. सामना यजमानाच्या घरी होतो. पाहुणा मॅनेजर आधी टपालाने सूचनापत्र पाठवतो: कोण कितव्या क्रमांकावर, कोण राखीव, चेंडू टाकणारा पिचर कधी बदलायचा. यजमान एकटा बसून दोन्ही बाजूंचे फासे टाकतो आणि निकाल कळवतो. खोटं कोणी करत नाही. दातांचे डॉक्टर बॉइस यांच्यावर मला शंका होती, पण ते इतक्या वेळा हरतात की शंका फिटली.

दर जानेवारीत प्रत्येकाने जुन्या काळातला एक खेळाडू निवडायचा आणि त्याचा मोसमही. मोसम एकदा निवडला की तो माणूस लीगमध्ये कायमचा त्याच वर्षाचा होतो. त्याचं दुसरं वर्ष मग कोणालाच मिळत नाही. म्हणून खरी अक्कल लागते ती मोसम निवडायला. आमच्या लोकांना ती नाही. ते नावं निवडतात. लहानपणी ज्याचं चित्र पलंगाच्या वर लावलं होतं, त्याला घेतात. आमचे सचिव टटल यांनी गेल्या वर्षी एक फार मोठा पिचर घेतला, आणि मोसम कुठला, तर ज्या वर्षी त्यांनी त्याला स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं तो! त्या वर्षी त्याचा खांदा गेलेला होता. टटल अजून दर पत्रात लिहितात, “काय डौल होता!” डौलाचा आकडा कार्डावर नसतो.

तुम्ही म्हणाल, एवढा शहाणा आहेस तर तुझं काय? मी दोन वर्षं शेवटचा आलो. मी लीगमध्ये आलो तेव्हा चांगले मोसम संपले होते. लागोपाठ तिसऱ्यांदा शेवटचा आलो तर नियमाप्रमाणे माझी जागा जाते. मी बोल्टांच्या गोदामात काम करतो, दिवसभर बोल्ट आकाराप्रमाणे लावतो. या सात जणांखेरीज मला पत्र लिहिणारं कोणी नाही. त्यामुळे जागा जाऊन चालणार नाही.

या वर्षी मला पहिल्या क्रमांकाचा बॅटर हवा आहे. नोंदींची पुस्तकं मी तीनदा चाळली. मला तुम्ही सापडलात. मी तुमचं १९५१ साल घेणार आहे. एक फेब्रुवारीला नाव द्यायचं आहे. तुमची हरकत नसेल असं धरून चालतो.

तुमचा भाचा,
लोवेल प्रॅदर


टेर होट, इंडियाना
२१ जानेवारी

भाच्या,

तुझं पत्र मी दुकानात मोठ्याने वाचलं. गळ घ्यायला आलेले तिघे हसून हसून गांडुळांच्या डब्यावर पडले. आठ मोठी माणसं आपापल्या स्वयंपाकघरात एकेकटे बसून फासे टाकतात आणि त्याला बेसबॉल म्हणतात! ऊन नाही, घाम नाही, तंबाखू नाही, प्रेक्षकांतून आईवरून शिवी नाही. दातांचा डॉक्टर आहे म्हणतोस? मग बरोबर आहे.

तरी ऐक. बहिणीचा मुलगा आहेस म्हणून सांगतो. घ्यायचाच असेल तर ४९ घे. त्या वर्षी माझी सरासरी हजारात दोनशे सत्त्याण्णव होती. आजही इथल्या बारमध्ये कोणी ना कोणी मला त्या आकड्यावर बिअर पाजतो. ५१ साली दोनशे चौदा होती. दोनशे चौदाला बॅट धरता न येणारे पिचरसुद्धा लाजतात. ते साल कोण घेतं? लंगडा घोडा विकत घेऊन त्याच्या दातांचं कौतुक करण्यासारखं आहे.

कोट अजून आहे. डाग गेला नाही.

एमेट


लायमा
२६ जानेवारी

एमेटमामा,

डागासाठी पांढरा व्हिनेगर आणि कोमट पाणी वापरून पाहा.

तुमचं पत्र वाचून वाईट वाटलं. दुकानातल्या लोकांचं काही नाही. तुम्ही स्वतः मोठ्या लीगमध्ये खेळलात आणि तरी टटल यांच्यासारखंच बोलता, याचं वाईट वाटलं. सरासरी हा वर्तमानपत्रं विकण्याचा आकडा आहे, त्यात फुकटचे बेस धरतच नाहीत. मी तुम्हाला तुमचीच दोन वर्षं मांडून दाखवतो.

१९४९: तुम्ही ५५८ वेळा बॅटिंगला आलात. हिट, म्हणजे फटका मारून मिळवलेला बेस, १६०. चार वाईट चेंडू सोडून फुकटात पहिला बेस मिळवला, तो फक्त १८ वेळा. एकदा चेंडू अंगाला लागून बेस मिळाला. म्हणजे बेसवर पोचलात १७९ वेळा. शंभरात बत्तीस.

१९५१: ४०२ वेळा आलात. हिट फक्त ६५. पण फुकटचा बेस ९६ वेळा! दोनदा चेंडू अंगाला लागला. बेसवर पोचलात १६३ वेळा. शंभरात चाळीस.

पहिल्या क्रमांकाच्या बॅटरचं काम बेसवर पोचणं आहे. तो कसा पोचला हे फासा विचारत नाही. ४९ साली तुम्ही समोर येईल त्यावर बॅट फिरवत होतात. माफ करा, पण आकडे तसं सांगतात. ५१ साली तुम्ही शहाणे झालात. कुठला चेंडू मारायचा नाही हे तुम्हाला कळलं. एवढा संयम त्या वर्षी दुसऱ्या कोणाकडेच नव्हता. इतकी वर्षं हे कोणाच्या लक्षात आलं नाही, तुमच्यासुद्धा, याचं मला आश्चर्य वाटतं.

निवड जाहीर करताना प्रत्येकाने दोन ओळींचं कारण द्यायचं असतं, ते टटल परिपत्रकात छापतात. मी लिहिलंय: “एमेट झेलिंका, मोसम १९५१. त्या वर्षी त्यांच्याइतकी पारखी नजर मैदानावर दुसरी नव्हती.” हे चार वेळा लिहून काढलं तेव्हा बरोबर जमलं.

लोवेल


टेर होट
३० जानेवारी

लोवेल,

मी एकदाच सांगतो. ५१ घेऊ नकोस. ४९ घे, नाहीतर मला सोड. ती नजरेबद्दलची ओळ आधी खोड.

तुझी आई सांगते, तू नववीत शाळा सोडलीस कारण वर्गात उभं राहून बोलायची वेळ आली की तुला उलटी व्हायची. आता मात्र बरं बोलता येतंय. समोर माणूस नसला, नुसते आकडे असले की तुझ्यासारख्यांना फार बोलता येतं. मी चेंडू सोडले म्हणजे शहाणा होतो हे तुला कोणी सांगितलं? तू होतास का तिथे? ५१ साली तू दुपट्यात होतास.

सोबत ४९ सालचा फोटो पाठवतो. बघ, बॅट कशी फिरवली जाते.

एमेट


लायमा
१५ फेब्रुवारी

एमेटमामा,

तुमचं पत्र चार तारखेला पोचलं. निवड एक तारखेला झाली होती. खरं सांगायचं तर ते आधी पोचलं असतं तरी मी बदललं नसतं. फोटो चांगला आहे. त्यात तुम्ही बॅट फिरवलेली दिसते. चेंडू कुठे गेला ते दिसत नाही.

तुमच्या रागाचं कारण मला कळतं. लोक ज्या वर्षाबद्दल बिअर पाजतात, ते वर्ष माणसाला आपलं वाटतं. माझ्या वडिलांना कामगारांच्या स्पर्धेत बोलिंगचा चषक मिळाला होता, ते मरेपर्यंत त्याच वर्षाबद्दल बोलत. पण मी कौतुकाला भुलणारा मॅनेजर नाही. परिपत्रक सोबत जोडतो. तुमचं नाव आता लीगमध्ये कायमचं १९५१ आहे.

शाळेबद्दल आईने जे सांगितलं ते खरं आहे.

लोवेल


लायमा
३० मे

एमेटमामा,

चार महिने तुमचं पत्र नाही. तरी कळवणं माझं कर्तव्य आहे.

मी तिसरा आहे! आठांत तिसरा. याआधी मी सहाव्याच्या वर कधीच गेलो नव्हतो. तुम्ही पहिल्या क्रमांकावर येता, बॅट खांद्यावर ठेवता आणि चालत पहिल्या बेसवर जाता. पाठीमागचा कोणीतरी फटका मारून तुम्हाला घरच्या बेसवर आणतो आणि धाव होते. सुरुवातीला सगळे खवचटपणे बोलत होते. बॉइस यांनी लिहिलं, “तुमचा तो बुटका पुतळा बॅट कशाला आणतो? छत्री आणली तर पावसात उपयोगी तरी पडेल.” एप्रिलमध्ये त्याच पुतळ्याने त्यांच्याविरुद्ध एका सामन्यात चार वेळा फुकटचा बेस घेतला. त्यानंतरच्या पत्रात छत्रीचा उल्लेख नाही. फिलो जुएट नावाचे एक आहेत, ते दर वर्षी फक्त लांब फटके मारणारे घेतात आणि दर वर्षी ते सगळे मिळून हवेत बॅट फिरवून वारा घालतात. त्यांनी मला खाजगी पत्र पाठवून विचारलं की असे आणखी मोसम कुठे सापडतील. मी उत्तर दिलेलं नाही. त्यांना स्वतः पुस्तक उघडू द्या.

आता महत्त्वाचं. १७ ऑगस्टला टटल यांच्या अंगणात लीगची सहल असते. वर्षातून एकदा सगळे प्रत्यक्ष भेटतात आणि शेवटचे सामने तिथेच होतात. टटल यांची इच्छा आहे की तुम्ही पाहुणे म्हणून यावं आणि चेंडू सोडण्याच्या कलेवर दहा मिनिटं बोलावं. कार्डावरचा माणूस आजवर कधी कोणी प्रत्यक्ष पाहिलेला नाही. मी त्यांना सांगितलं की तुम्ही नक्की याल.

लोवेल


टेर होट
१० जून

लोवेल,

कला. बरं. बस आणि वाच. मोठ्याने वाचू नकोस.

सप्टेंबर ५० मध्ये एक चेंडू माझ्या डाव्या भुवईवर बसला. आठवडाभर पडून होतो. उठलो तेव्हा डाव्या डोळ्याला सगळं पाण्याखाली असल्यासारखं दिसायचं आणि दोन्ही उघडे ठेवले की एकाचे दोन. मी कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी घरी. वसंतात संघाच्या डॉक्टरने सगळ्यांचे डोळे तपासले. रांगेत माझ्यापुढे पाच जण होते. पाचही जणांनी तोच तक्ता मोठ्याने वाचला. सहावा मी. मला पाठ झाला होता.

मग मैदानावर गेलो आणि चेंडू दिसेना. बॅट फिरवली असती तर हातभर लांबून चुकली असती आणि पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना कळलं असतं. म्हणून मी फिरवलीच नाही. मी पाच फूट पाच इंच. गुडघे वाकवून बसल्यासारखा उभा राहायचो, म्हणजे पिचरला नेम धरायला जागाच उरायची नाही. कधी चार वाईट यायचे, मी चालत जायचो. कधी तीन चांगले यायचे, मी बघत बाद व्हायचो. बघत म्हणजे काय, तोंड त्या दिशेला ठेवून. ते ६५ हिट कसे लागले हे मला आजही ठाऊक नाही. मॅनेजर म्हणायचा, झेलिंका, काय संयम आहे रे तुझा! आणि रोज माझं नाव पहिल्या ओळीत लिहायचा. तुझ्यासारखाच होता, आकडे बघायचा.

एवढंच असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. पण बॅटिंग संपली की मैदानात उभंही राहावं लागतं, आणि मी दुसऱ्या बेसवर होतो. माझ्या शेजारी शॉर्टस्टॉपला, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे, लाइल ऑस्ट्रँडर, तेवीस वर्षांचा पोरगा. १४ ऑगस्टला एक चेंडू आमच्या दोघांच्या मागे उंच उडाला. तो त्याचा होता. मला दोन दिसले. एक माझ्या वाट्याचा वाटला. मी ओरडलो, “माझा!” तुला मैदानाची रीत माहीत नसेल, तुमच्या स्वयंपाकघरात ती लागत नाही. एकदा कोणी “माझा” म्हणालं की दुसऱ्याने थांबायचं. लाइल थांबला. मी जो चेंडू नव्हताच त्याच्यामागे पूर्ण वेगाने धावलो आणि थांबलेल्या माणसाच्या गुडघ्यावर जाऊन आदळलो. तो पुन्हा खेळला नाही. मी दुसऱ्या दिवशी खेळलो.

तो आता एव्हान्सव्हिलला पेट्रोल पंप चालवतो. लंगडतो. दर नाताळाला कार्ड पाठवतो आणि त्यात लिहितो, “चेंडू तुझाच होता, एमेट.” बावीस कार्डं आहेत माझ्याकडे. मी त्याला काही सांगितलेलं नाही. माझ्या बायकोलाही नव्हतं सांगितलं.

आता लिही परिपत्रकात, पारखी नजर.

एमेट


लायमा
२४ जून

मामा,

मी हे पत्र सात वेळा लिहायला घेतलं.

मला वाटलं होतं तुम्ही कौतुकाला चटावलेले आहात. तसं मी तुम्हाला लिहिलंही. मी चूक होतो. मला आकड्यांखेरीज काही येत नाही, म्हणून मी पुन्हा पुस्तकं काढली आणि जुन्या वर्तमानपत्रांसाठी ग्रंथालयात गेलो. तुमच्या ९६ फुकटच्या बेसपैकी ३७ हे १४ ऑगस्टनंतरचे आहेत. मी ते माझ्या हिशोबात चांगले म्हणून धरले होते.

निवड रद्द करायला नियम नाही. पण कोणाला खेळवायचं हे मॅनेजर ठरवतो. २० जूनपासून मी सूचनापत्रात तुमचं नाव राखीव ओळीत लिहितो. पहिल्या क्रमांकावर हाउगेन म्हणून एक जण आहे. तो समोर येईल त्यावर बॅट फिरवतो. कार्डं कार्डं असतात हे मला कळतं. तरी तुमचं कार्ड वर ठेवून फासे टाकायला गेलो की मला कोणीतरी थांबलेलं दिसतं.

टटल यांना तुम्ही येणार नाही असं कळवलं आहे. कारण लिहिलेलं नाही.

लोवेल


टेर होट
१ जुलै

दीडशहाण्या,

खेळव मला.

तुझी दया इथल्या मासळीला घाल. कागदाला गुडघा नसतो. तुमच्या त्या बाजारात कोणाचं काही मोडत नाही, म्हणून तर मी हसतो तुम्हाला. मी तुला ते सगळं लिहिलं ते तुझं तोंड बंद व्हावं म्हणून, तू मला बाकावर बसवावंस म्हणून नाही. तुझी ती जागा गेली तर तुझी आई मला फोन करून रडेल. माझ्यामुळे आधीच एका माणसाचं नुकसान झालंय. आणखी एकाचं माझ्या नावावर लावू नकोस.

पहिल्या ओळीत. झेलिंका. उद्याच्या टपालाने.

एमेट


लायमा
८ ऑगस्ट

मामा,

तुमच्या पत्राला उशिरा उत्तर देतो आहे, कारण काय उत्तर द्यावं हे कळत नव्हतं.

मी हरत गेलो. आता मी आणि डॉक्टर बॉइस तळाला बरोबरीत आहोत. सतरा तारखेला आमचाच सामना आहे. जो हरेल तो शेवटचा. बॉइस यांना त्याने काही होत नाही, गेल्या वर्षी ते सातवे होते. माझी जागा जाईल.

सूचनापत्र मी काल टटल यांना पाठवलं. सीलबंद लिफाफा एकदा टपालात पडला की त्यातला शब्द कोणी बदलू शकत नाही, स्वतः मॅनेजरसुद्धा नाही. हा आमचा सर्वांत जुना नियम आहे. तुमचं नाव राखीव आहे.

मी सहलीला जाणार नाही. गोदामात त्या दिवशी मोजणी आहे.

लोवेल


एव्हान्सव्हिल, इंडियाना
१८ ऑगस्ट

लोवेल,

शनिवारी कसली रे मोजणी? मी गोदामाला फोन केला होता. दाराला कुलूप आहे म्हणून पहारेकऱ्याने सांगितलं. टटलचं घर तुझ्यापासून पंधरा मैलांवर आहे. मी सव्वादोनशे मैल गाडी हाकत आलो. वाटलं होतं, तुझी मानगूट धरून मला पहिल्या ओळीत लिहायला लावीन. आणि तू नाहीस! सात म्हातारे, एक घडीचं टेबल, बटाट्याची कोशिंबीर आणि तुझा लिफाफा.

मी नाव सांगितलं तेव्हा त्यांनी मला भूत बघावं तसं बघितलं. तुझ्या त्या जुएटने हात लावून पाहिला. मग टटलने लिफाफा फोडून वाचलं. “झेलिंका, राखीव. कोणत्याही परिस्थितीत खेळवू नये.” खाली दोन रेघा मारल्यास. मी म्हणालो, मी इथे उभा आहे, मी सांगतोय, मला खेळवा. टटल म्हणाला, “मिस्टर झेलिंका, आमच्याकडे लिहिलेलं ते लिहिलेलं.” कारण हवंय का, मी विचारलं. आणि तिथेच, कोशिंबिरीची ताटली हातात धरून, सगळं सांगितलं. डोळा, तक्ता, लाइल. तेवीस वर्षांत जे कोणाला सांगितलं नाही ते सात अनोळखी म्हाताऱ्यांना.

मग तो बॉइस म्हणाला, “माझ्या खुर्चीत बसूनसुद्धा लोक आधी म्हणतात, दुखत नाही.” पुढे म्हणाला, माझी हरकत नाही, याला खेळू द्या. त्याच्याच विरुद्धचा सामना, बरं का! मी त्याच्याबद्दल जे काही बोललो ते मागे घेतो. बाकीच्यांनीही माना हलवल्या. टटल हलला नाही. दगड आहे तो माणूस. मी त्याला जे जे बोललो ते तुझ्या आईच्या हाती पडेल अशा पत्रात लिहिता येणार नाही. त्याने ऐकून घेतलं आणि फासे उचलले.

शेवटचा डाव. ४-३ ने तू मागे. तिन्ही बेस भरलेले, दोन बाद. एक फुकटचा बेस मिळाला असता तर सगळे एकेक बेस पुढे सरकून बरोबरी. आणि बॅटिंगला कोण? तुझा हाउगेन! मी टेबलापासून दोन हातांवर उभा, माझं कार्ड ताटलीखाली. फासे पडले. मला तुमची ती आकडेमोड आता थोडी कळायला लागली होती. मी माझं कार्ड उचलून बघितलं. त्याच आकड्यावर मी चालत गेलो असतो. हाउगेनने बॅट फिरवली. तिसरा बाद, सामना संपला.

तुझी जागा गेली, लोवेल. टटलने सगळ्यांसमोर वहीत तुझ्या नावावर रेघ मारली. पट्टी लावून मारली.

मी एवढा चिडलो होतो की निरोपही न घेता गाडीत बसलो. तुला शिव्या देत तीस मैल आलो असेन. हा पोरगा स्वतःची एकुलती एक गोष्ट घालवून बसला, आणि कशासाठी? मग गाडी बाजूला घेतली. ५१ साली माझ्या मॅनेजरने एकशे दोन सामन्यांत माझं नाव पहिल्या ओळीत लिहिलं, कारण त्याला सामने जिंकायचे होते आणि माझे आकडे बरे होते. मला बाकावर बसवणारा पहिला मॅनेजर तू. तेवीस वर्षं उशीर झाला, आणि कागदावर बसवलंस, पण बसवलंस. तेव्हा कोणीतरी हे करायला हवं होतं. तेव्हा मीही शिव्याच दिल्या असत्या.

तिथून घरी वळलो नाही. रात्री मोटेलात पडलो, आणि आज सकाळी इथे लाइलच्या पंपावर आलो. तो टाकी भरायला बाहेर आला, मला बघून हसला. मी गाडीतून न उतरताच सांगून टाकलं. उतरलो असतो तर सांगितलं नसतं. त्याने नळी काढली, झाकण लावलं, काच पुसली. नंतर म्हणाला, “एमेट, जा इथून.”

हे मी त्याच्या पंपासमोरच्या झाडाखाली गाडीत बसून लिहितोय. दीड तास झाला. तो दोनदा दारात येऊन बघून गेला, मी गेलो का ते. मी गेलेलो नाही.

एमेट